जबड्याचा सांधा आणि डोकेदुखी

शरीरशास्त्र हा आमच्या अध्यापनाचा विषय नव्हे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. वर्गावर मराठी आणि इतिहास शिकवितो. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी असा आमचा दिवस जातो, आणि दोन्हीकडे तोंड चालविल्याशिवाय गत्यंतर नसते. असे असूनही यंदाच्या वार्षिकांकासाठी लेखाची मागणी झाली तेव्हा आम्ही आपण होऊन हा विषय निवडला. त्याला दोन कारणे घडली. एक आमचे स्वतःचे दुखणे, आणि दुसरे, आमच्या अज्ञानामुळे आमच्याच एका विद्यार्थिनीवर झालेला अन्याय. पहिली हकीकत आरंभी सांगतो. दुसरी शेवटी सांगू.

२०१९ सालच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासीत असताना आमच्या डाव्या कानशिलात ठणका सुरू झाला. सकाळी उठताच तो जाणवे, दुपारपर्यंत कपाळभर पसरे आणि संध्याकाळी डोळ्यामागे जाऊन बसे. आईने सहाणेवर सुंठ उगाळून लेप घातला. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. नाकाजवळच्या पोकळ्यांना सूज असेल म्हणून औषधे घेतली. पुढे खालची डावी दाढ दुखू लागली. ती आतून किडली असावी अशा समजुतीने एका दवाखान्यात ती काढून टाकण्यात आली. दाढ गेली, पण दुखणे होते तेथेच राहिले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसऱ्या तासानंतर सलग बोलणे अशक्य होऊ लागले. चहात बुडविलेले कांकणदेखील चावेना. नोकरी सोडावी की काय, असाही विचार मनात येऊन गेला. कारण न बोलता शिकविणारा शिक्षक अजून कोणी पाहिलेला नाही.

अखेर एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. भौतिकोपचार म्हणजे ज्यास आपण फिजिओथेरपी म्हणतो तो उपचार. मोडलेला हात प्लास्टरमधून निघाला, की तो पुन्हा चालता करण्यासाठी हा उपचार घेतात, एवढेच आम्हांस ठाऊक होते. बाईंनी सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “आत्ता ह्या क्षणी तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांस टेकलेले आहेत का?” ते टेकलेलेच होते, नुसते टेकलेले नव्हे, तर घट्ट दाबलेले होते. मग त्यांनी गालाच्या हाडाखाली बोटाने दाब दिला मात्र, जी दाढ आम्ही गमावली होती तिच्याच जागी कळ उठली. कानशिलावर दाब देताच आमची नित्याची डोकेदुखी जशीच्या तशी जागी झाली. रोग दाढेत नव्हता आणि डोक्यातही नव्हता. तो जबडा मिटविणाऱ्या स्नायूंत होता.

सांध्याची रचना

जबड्यास संस्कृतात हनु म्हणतात. आपला ‘हनुवटी’ हा शब्द त्याच कुळातला. इंद्राच्या वज्राने ज्याची डावी हनु मोडली तो हनुमान, ही रामायणातील कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. खालच्या जबड्याचे हाड कवटीला दोन ठिकाणी जोडलेले असते. हे दोन सांधे उजव्या आणि डाव्या कानांच्या अगदी पुढे असतात.

विद्यार्थी मित्रहो, येथे एक लहानसा प्रयोग करा. दोन्ही तर्जनी कानांच्या छिद्रांपुढे हलकेच ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. आरंभी बोटाखाली हाड जागच्या जागी फिरल्यासारखे वाटेल. तोंड आणखी उघडताच ते पुढे सरकेल आणि बोटाखाली लहानसा खळगा पडेल. दाराची बिजागरी नुसती फिरते. टेबलाचा खण नुसता सरकतो. जबड्याचा सांधा ही दोन्ही कामे करतो. शिवाय उजव्या आणि डाव्या सांध्यांस जोडीने चालावे लागते, कारण त्यांच्यामधील हाड एकच आहे. एक सांधा अडला, की तोंड उघडताना हनुवटी त्या बाजूस वळते.

दोन हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून प्रत्येक सांध्यात चिवट तंतूंची एक पातळ चकती असते. ती जागेवरून किंचित पुढे सरकली, तर तोंड उघडताना टक् असा आवाज होतो. असा आवाज पुष्कळांच्या जबड्यात होतो. त्याबरोबर वेदना नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्यावर उपचाराची गरज नसते. नुसत्या आवाजाने घाबरून जाऊ नये.

जबडा मिटविण्याचे काम बलवान स्नायूंकडे आहे. दात दाबून गालावर बोटे ठेवली, तर एक जाड स्नायू टणक होऊन वर उचललेला लागेल. तळहात कानशिलावर ठेवून पुन्हा दात दाबा. तेथेही काही फुगल्यासारखे वाटेल. हा दुसरा स्नायू कानशिलावर विंझण्यासारखा पसरलेला असतो. बसते ते तोंड. परंतु ते मिटविणारा एक मोठा स्नायू डोक्याच्या बाजूवर असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सारे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

डोके का दुखते?

मेंदूच्या ऊतींना स्वतःस वेदना कळत नाही. डोकेदुखी जाणवते ती मेंदूवरील आवरणे, रक्तवाहिन्या, डोक्याचे आणि मानेचे स्नायू ह्यांमधून. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचव्या जोडीच्या प्रत्येकी तीन शाखा असतात. कपाळ, गाल, दात आणि जबडा येथील संवेदना ह्या शाखा मेंदूकडे पोहोचवितात. मानेच्या वरच्या भागातील मज्जातंतूही आपला निरोप जवळपास त्याच केंद्रात आणून टाकतात. अनेक गावांची पत्रे एकाच टपाल कार्यालयात येऊन पडली आणि त्यांवरील पत्ते पुसट झाले, तर पत्र कोणत्या गावचे हे ओळखताना जशी चूक होते, तशीच चूक येथे होते. गालाच्या स्नायूची वेदना दाढेत जाणवते, कानशिलाच्या स्नायूची वेदना डोकेदुखी होऊन येते, आणि कित्येकांस कान ठणकल्याचा भास होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. प्रत्येक डोकेदुखी जबड्याची नसते. अर्धशिशी हा वेगळा विकार आहे. मात्र अर्धशिशी असणाऱ्यांत जबड्याचे दुखणेही पुष्कळदा आढळते, आणि एकाने दुसरे बळावते. चावताना, बोलताना किंवा जांभई देताना डोकेदुखी वाढत असेल, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असेल, तर जबड्याकडे लक्ष द्यावे.

दुखणे कशामुळे जडते?

अमेरिकेतील सेंट लुइस येथील जेम्स कॉस्टन ह्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९३४ साली कानाची आणि जबड्याची ही लक्षणे एकत्र मांडली. दाढा पडल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि सांध्यामागील भाग दाबला जातो, अशी त्यांची उपपत्ती होती. ती पुढे टिकली नाही. परंतु ह्या दुखण्याकडे वैद्यांचे लक्ष वेधण्याचे श्रेय त्यांस दिले पाहिजे. नंतर कित्येक वर्षे दातांची ठेवण वाकडी असणे हेच मुख्य कारण मानले गेले, आणि अनेकांचे दात घासून सारखे करण्यात आले. आता ह्या मतालाही पूर्वीचा मान राहिलेला नाही.

आजच्या समजुतीप्रमाणे एकच कारण सहसा नसते. रात्री झोपेत दात खाणे, दिवसा नकळत दात दाबून धरणे, नखे कुरतडणे, पेन्सिल चघळणे, तासन्‌तास च्युइंगगम चघळणे, जबड्यास लागलेला मार, अपुरी झोप आणि मनावरचा ताण ह्या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. आमच्या गोव्यात व्हायोलिन वाजविणारे पुष्कळ आहेत. वाद्य हनुवटीखाली दाबून धरावे लागत असल्याने त्यांनाही हा त्रास होण्याचा संभव असतो. वीस ते चाळीस वर्षे वयात हे दुखणे अधिक आढळते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक.

मूल झोपेत दात खाऊ लागले, की पोटात जंत झाले असे आपल्याकडे म्हणतात. दात खाणे आणि जंत ह्यांचा असा निश्चित संबंध सिद्ध झालेला नाही. राग आवरताना आपण दात-ओठ खातो आणि भीतीने दातखिळी बसते, असे आपल्या भाषेत म्हटले जाते. मनाचा ताण जबड्यात उतरतो, हे आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटले नव्हते.

खरी मेख पुढेच आहे. विश्रांतीच्या वेळी वरचे आणि खालचे दात मुळीच टेकता कामा नयेत. चावताना आणि गिळताना त्यांचा जो स्पर्श होतो, तो दिवसभरातला सारा जमेस धरला तरी थोड्या मिनिटांचाच भरतो. ज्याचे दात वाचताना, लिहिताना, मोबाईलकडे पाहताना तासन्‌तास टेकलेले राहतात, त्याचे स्नायू विश्रांतीवाचून राबत असतात. भरलेली घागर उचलून तासभर उभे राहिल्यास दंडाचे जे होईल, तेच त्यांचे होते.

हाताचा उपचार

निखळलेला जबडा हाताने जागेवर बसविण्याची विद्या प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत असा सांधा शेकून, बसवून, मग पट्ट्यांनी बांधण्याची रीत सांगितली आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथातही तो बसविण्याची पद्धत आढळते. आजचा भौतिकोपचार निखळलेल्या जबड्यापुरता नाही; दुखऱ्या जबड्यासही तो उपयोगी पडतो.

आमच्यावर झालेला उपचार क्रमाने सांगतो. प्रथम तोंड किती उघडते हे मोजण्यात आले. आपल्याच हाताची तीन बोटे उभी रचून पुढच्या दातांमध्ये जावीत, असा ढोबळ नियम आहे. मोठ्या माणसाचे तोंड साधारणतः ४० ते ५० मिलिमीटर उघडते. आमची जेमतेम दोन बोटे गेली. नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलने पंधरा-वीस मिनिटे शेक दिला. मग बाईंनी हातमोजा घालून अंगठा तोंडात घातला आणि गालाच्या स्नायूतील टणक, दुखरी जागा आतून व बाहेरून चिमटीत धरून हलकेच दाबून ठेवली. आरंभी वेदना वाढली. अर्ध्या-एक मिनिटात ती ओसरू लागली.

अशा दुखऱ्या गाठींचा सविस्तर अभ्यास अमेरिकेतील जॅनेट ट्रॅव्हेल ह्या डॉक्टर बाईंनी केला. १९६१ साली त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्या वैद्य झाल्या, आणि १९८३ साली डेव्हिड सायमन्स ह्यांच्यासह त्यांनी ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या गाठींचे नेमके स्वरूप काय, ह्याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. पण कोणती गाठ दाबली असता वेदना कोठे उमटते, ह्याचे त्यांनी केलेले नकाशे आजही वापरात आहेत.

शेवटी अंगठा खालच्या दाढांवर ठेवून जबडा हळूहळू खाली व पुढे ओढण्यात आला, म्हणजे सांध्यात थोडी मोकळीक होते. हे काम शिकलेल्या हातांचेच आहे. घरी कोणी त्याचे अनुकरण करू नये.

२०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने दीर्घकाळ चाललेल्या अशा दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. मनाचा ताण आणि वेदनेविषयीची भीती कमी करणारे समुपदेशन, तज्ज्ञाच्या हाताने जबड्याची हालचाल, दुखऱ्या गाठींवरील दाब, जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, आणि रुग्णास नीट समजावून सांगणे, ह्या गोष्टींस त्यांनी ठामपणे पसंती दिली. दातांत कायमचा बदल घडविणारे उपाय आणि सांध्यातील चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया टाळावी, असे त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. हे वाचताना आमची जीभ दाढेच्या रिकाम्या जागेकडे गेली, हे येथे कबूल करतो.

घरी करावयाचे व्यायाम

चिली देशातील भौतिकोपचारतज्ज्ञ मारियानो रोकाबाडो ह्यांचे सहा व्यायाम प्रसिद्ध आहेत. प्रत्येक व्यायाम सहा वेळा, आणि असे दिवसातून सहा वेळा करावयाचे. गणित करणाऱ्यांनी हिशेब केल्यास तो दिवसास २१६ आवृत्तींचा भरेल. परंतु एका खेपेस थोडीच मिनिटे लागतात. आम्ही शिकलो ते असे :

१. ‘न’ म्हणताना जीभ जेथे टेकते तेथून किंचित मागे, टाळूवर जिभेचे टोक हलके ठेवावे. ओठ मिटलेले, दात विलग, श्वास नाकाने.

२. जीभ टाळूवर तशीच ठेवून तोंड उघडावे व मिटावे. जीभ सुटू न दिल्याने तोंड बेताचेच उघडते आणि सांधा पुढे न सरकता फिरतो. आरशासमोर केल्यास हनुवटी सरळ खाली जाते की नाही ते दिसते.

३. हनुवटीस दोन बोटांनी अगदी हलका दाब खालून, मग उजवीकडून, मग डावीकडून द्यावा. जबडा हलू देऊ नये.

४. दोन्ही हात मानेमागे गुंफून मान स्थिर धरावी आणि होकार दिल्यासारखे डोके किंचित वाकवावे.

५. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यावी, म्हणजे पुढे आलेले डोके खांद्यांवर येते.

६. छाती किंचित उचलून दोन्ही खांदे मागे व खाली घ्यावेत.

शेवटच्या तीन व्यायामांचा जबड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. मान पुढे काढून पुस्तकावर किंवा मोबाईलवर वाकून बसले, की मानेचे स्नायू ताणले जातात आणि जबड्याची विश्रांतीची ठेवण बदलते. मानेचे मज्जातंतू कोठे जाऊन मिळतात हे वर आलेच आहे. कोणताही व्यायाम वेदना होईपर्यंत करू नये, आणि प्रथम तो जाणत्याकडून शिकून घ्यावा.

व्यायामाइतकेच महत्त्व सवय मोडण्यास आहे. बाईंनी आम्हांस टिकल्यांचे एक पाकीट आणावयास सांगितले. घड्याळ, कपाट, हजेरीपट आणि जेवणाचा डबा ह्यांवर एकेक टिकली लावली. टिकली दिसली, की दात सोडावयाचे. पहिल्या दिवशी जेव्हा जेव्हा टिकली पाहिली तेव्हा तेव्हा दात दाबलेलेच आढळले. पंधरा दिवसांनी तसे क्वचितच आढळू लागले. त्या काळात पेज, मऊ भात आणि उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. ऊस, चणे आणि कडक पेरू ह्यांस रजा दिली. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरली. दोन महिन्यांनी तीन बोटे तोंडात गेली. डोकेदुखी पूर्णपणे नाहीशी झाली असे म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवसांत ती अजूनही डोकावते. पण आता तिचे घर आम्हांस ठाऊक आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काही लक्षणांत व्यायाम करीत बसणे धोक्याचे असते. एकाएकी आलेली असह्य डोकेदुखी, ताप, चेहऱ्यास बधिरता किंवा दिसण्यात बिघाड असल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीनंतर प्रथमच कानशील दुखू लागले आणि चावताना जबडा थकू लागला, तर ते रक्तवाहिनीच्या दाहाचे चिन्ह असू शकते. त्यात विलंब झाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. जबड्यातील कळेबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर हृदयविकाराचा संशय घ्यावा. जखमेनंतर दातखिळी बसू लागली, तर धनुर्वाताची शंका धरून रुग्णालय गाठावे. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागले, तर तो तोंडातील त्वचा आखडण्याचा विकार असू शकतो आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. ह्या सर्व प्रसंगी निदान आधी, व्यायाम मागाहून.

आता राहिलेली दुसरी हकीकत. आमचे दुखणे सुरू होण्याच्या आदल्या वर्षी नववीच्या वर्गात एक मुलगी वरचेवर डोके दुखत असल्याचे सांगून घरी जाण्याची परवानगी मागे. तिचे डोळे तपासले होते. त्यांत काही दोष निघाला नव्हता. चाचणी परीक्षेच्या सकाळी तिने पुन्हा तेच सांगितले, तेव्हा आम्ही साऱ्या वर्गासमोर म्हटले, “परीक्षा आली की बरे डोके दुखते!” वर्ग हसला. ती खाली बसली आणि त्यानंतर वर्षभर तिने आमच्याकडे डोके दुखत असल्याची तक्रार केली नाही. तिचे दुखणे थांबले, असे आम्ही समजलो.

उपचार घेऊन आम्ही वर्गावर परतलो तेव्हा ती दहावीत होती. एका तासाला ती निबंध लिहीत असताना सहज तिच्या गालाकडे लक्ष गेले. तेथील स्नायू एकसारखा वर-खाली होत होता, आणि पेन्सिलीचे टोक चघळून चघळून चपटे झाले होते. तिला बाजूस बोलावून विचारले. डोके दुखणे थांबले नव्हते. सांगणे तेवढे थांबले होते. आम्ही तिची क्षमा मागितली आणि तिच्या आईवडिलांस भेटून सारे समजावून सांगितले. परीक्षा जवळ आली की डोके दुखते, हे आमचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्याचा अर्थ मात्र आम्ही उलटा लावला होता. तिच्यावर उपचार झाले, तिला उतार पडला, आणि तिच्या संमतीनेच हे येथे लिहीत आहोत.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की मुलाने डोके दुखते म्हटले तर प्रथम ते खरे मानावे आणि मग कारण शोधावे. विद्यार्थ्यांस सांगणे असे, की दुखणे लपवू नका. आणि हा लेख वाचीत असताना तुमचे दात टेकलेले असतील, तर ते आता सोडा.